सगळ्यांना पटणारे चाचा

"शेंगा खाताना खवट दाणा नेमका शेवटी येतो."

लातूरच्या त्या घरात मी ट्रंक घेऊन पाऊल ठेवलं, तेव्हा घरमालकांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, दहावीला किती टक्के पडले हेही विचारलं नाही. हा तिसरा प्रश्न त्या वर्षी लातुरात ऑटोवालासुद्धा विचारायचा. हे गृहस्थ ओट्यावर सुपात शेंगा घेऊन बसले होते. माझ्याकडे बघून त्यांनी हे वाक्य म्हटलं आणि थांबले. आपण काहीतरी बोलावं म्हणून ते थांबलेत, हे माझ्या जरा उशिरानं लक्षात आलं.

"हो," मी म्हटलं. "मग तोंडाची चव जावी म्हणून आपण आणखी चार शेंगा फोडतो."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "पोरगी हुशार हाय, गुरुजी," ते माझ्या वडिलांना म्हणाले. "चला, वरची खोली दाखवतो."

वडील बिलोलीला प्राथमिक शाळेत शिक्षक. नोकरीची पहिली काही वर्षं ते निलंग्याकडच्या एका खेड्यात होते आणि दर शनिवारी लातूरला गाडी बदलून गावी यायचे. हे घरमालक, ज्यांना आम्ही पुढं चाचा म्हणू लागलो, तेव्हा लातूरच्या स्टँडवर कंट्रोलर होते, म्हणजे चौकशीच्या खिडकीत बसून गाड्या सोडणारे. ती ओळख वडिलांनी जपली होती. मी अकरावीला लातूरला जायचं ठरलं, तेव्हा ते म्हणाले, "कंट्रोलर साहेब आता रिटायर झालेत. वरच्या दोन खोल्या क्लासच्या पोरींना देतात. दुसरीकडं बघायचीच गरज न्हाई."

भूकंपाला तेव्हा नऊ-दहा वर्षं झाली होती. लातूर पुन्हा उभं राहिलं होतं आणि एका नव्याच कामाला लागलं होतं. गल्लीत ज्याच्या घरावर गच्ची होती त्यानं तिच्यावर खोल्या चढवल्या होत्या. सकाळी सहाच्या क्लासला सायकलींचा लोंढा निघायचा. संध्याकाळी मेसच्या डब्यांचा. चाचांनी मात्र वरच्या खोल्यांना पत्रेच ठेवले होते. उन्हाळ्यात ते तापायचे, पण चाचा स्लॅबचं नाव काढू द्यायचे नाहीत. खोलीत डोक्याच्या वर काही ठेवायचं नाही, एवढा एकच त्यांचा नियम. पुस्तकं खाली, ट्रंक खाली, देवाचा फोटोसुद्धा कमरेच्या उंचीवर. माझी खोलीतली जोडीदारीण मंगल म्हणायची, आपला गणपती आपल्यासोबतच अभ्यासाला बसलाय.

चाचांचा दिवस अशा एका वाक्यानं सुरू व्हायचा. आम्ही सायकली काढत असताना ते दात घासत उभे असायचे. चूळ भरली की म्हणायचे, "नवी चप्पल पहिल्या दिवशी चावतेच." आम्ही "हाव चाचा" म्हणायचो आणि सायकलवर टांग टाकायचो. कधी म्हणायचे, "दुसऱ्याच्या डब्यातली भाजी जास्त चांगली लागते." कधी, "उन्हाळ्यात उशी उलटी केली की ती बाजू गार लागते." एकदा त्यांनी सांगितलं, "फोनवर 'बरं ठेवतो' म्हटल्यावर माणूस खरं बोलायला लागतो." मंगल त्या दिवशी क्लासपर्यंत हसत होती, कारण आदल्याच दिवशी ती निलंग्याला आईशी 'बरं ठेवते' म्हणूनही बोलतच राहिली, म्हणून एसटीडीवाल्यानं काचेवर नाणं वाजवलं होतं.

हे नुसतं करमणुकीचं नव्हतं. गल्लीत आठ-आठ दिवसांनी नळ यायचा आणि नळावर भांडण ठरलेलं. एकदा दोन बायका घागरी उगारून समोरासमोर आल्या. चाचा मधे गेले आणि गंभीरपणे म्हणाले, "ताई, आपली घागर भरत आली की नेमकी नळाची धार बारीक होते." दोघी थबकल्या. एक म्हणाली, "हाव की वो." दुसरी म्हणाली, "दरवेळचंच हाय ते." त्यानंतर पुन्हा घागरी उगारणं दोघींनाही जमेना.

"एकदा हाव म्हटलं ना बेटा," चाचांनी मला समजावलं, "की माणसाचा आवाज लगेच चढत न्हाई. जरा वेळ लागतो. तेवढ्यात गाडी सोडून द्यायची."

चाचीला ह्या सगळ्याचा मनस्वी कंटाळा होता. ती ठेंगणी, ठसठशीत, आणि तिची मतं धारदार. तिनं दोन साड्या पुढ्यात धरून कोणती चांगली असं विचारलं, तर चाचा म्हणायचे, "सुती साडी धुतल्यावर मऊ होते." चाची कपाळावर हात मारायची. "अजी, तुमको खुद का कुछ है की नै?"

हा प्रश्न एप्रिलमध्ये फार वेगळ्या रीतीनं पुढं आला. पत्रे तापले की आम्ही संध्याकाळी खोल्यांपुढच्या मोकळ्या गच्चीवर अभ्यासाला बसायचो. वारा असायचा. मी मंगलला गणितं समजावून सांगायचे, ती मला बेडकाच्या आतड्या-काळजाची चित्रं काढून द्यायची. आमचं हसणं गल्लीत ऐकू जात असेल, नाही म्हणत नाही. समोरचा हॉस्टेलवाला चार लोक जमवून चाचांकडे आला. पोरी गच्चीवर उभ्या राहतात, खिदळतात, आमच्या पोरांचं लक्ष उडतं, तुम्ही गच्चीला कुलूप लावा.

आम्ही जिन्यात उभ्या राहून ऐकत होतो. चाचा आता ह्याला काय सांगतात, याची आम्हाला उत्सुकता होती. चाचा म्हणाले, "पोरापोरींनी अभ्यास करावा, हे तर सगळ्यांनाच मान्य हाय."

"हाव," चारही लोक म्हणाले.

आणि तासाभरात गच्चीला कुलूप लागलं. चाचांनी ते स्वतः लावलं. आमच्याकडे बघितलं नाही.

त्या संध्याकाळी चाची वर आली. आम्ही तापलेल्या खोलीत ओले टॉवेल मानेवर टाकून बसलो होतो. ती परत खाली गेली. तिचा आवाज आम्हाला स्पष्ट ऐकू आला, "सगळ्यांना पटवायच्या नादात पोरींचा वारा घालवलात तुम्ही!" मग ती वरवंटा घेऊन आली आणि तिसऱ्या घावाला कुलूप तुटलं.

दुसऱ्या दिवशी हॉस्टेलवाला विचारायला आला. चाचा म्हणाले, "कुलूप खराब निघालं." आजकालची कुलपं टिकत नाहीत, हे मग त्यालाही मान्य करावं लागलं.

वारा परत मिळाला, पण माझ्या मनातून चाचा उतरले. हा माणूस भित्रा आहे, असं मी मंगलला म्हटलं. भाजी निवडताना चाचीनं ते ऐकलं असावं, कारण तिनं मला जवळ बसवलं आणि पालकाची जुडी माझ्या हातात दिली.

"भित्रे न्हवते ते," ती म्हणाली. "अख्ख्या स्टँडवर ह्यांच्यासारखा भांडखोर माणूस न्हवता. एकदा पॅसेंजरशी हुज्जत घालता घालता गाडी सोडायचीच राहिली. जे मनात तेच तोंडात. भावाच्या पोराचं लग्न होतं. थोरला भाऊ, किल्लारीकडच्या खेड्यात राहायचा. भरल्या पंगतीत ह्यांनी ओरडून सांगितलं, मटण कच्चं हाय. व्याह्यांच्या देखत! भाऊ म्हणाला, ऊठ माझ्या घरातून. हे उठले. सात वर्षं दोघं एकमेकांशी बोलले न्हाईत. सात वर्षं, मटणावरून."

"मग?"

"मग भूकंप झाला."

त्या सकाळी चाचा स्टँडवर होते. मदत घेऊन जी पहिली गाडी त्या बाजूला निघाली, तिच्यात ते बसले. गाव ओळखू येत नव्हतं. जिथं गल्ली होती तिथं दगडांचे ढीग होते. दुपारपर्यंत ते माणसं विचारत हिंडले. शेवटी शाळेच्या पटांगणात, एका ताडपत्रीखाली, भाऊ सापडला. हात गळ्यात बांधलेला, अंगावर दुसऱ्याच कुणाचा तरी शर्ट. भावजय गेली होती. मुलगा-सून पुण्याला होते म्हणून वाचले. चाचा जाऊन शेजारी बसले. सात वर्षांत मनात हजारदा बोललेलं काहीच तिथं उपयोगाचं नव्हतं. तेवढ्यात मदतीला आलेल्या पोरांनी दोघांच्या हातात चहाचे पेले दिले. भावानं एक घोट घेतला.

"लई गोड केलाय," भाऊ म्हणाला.

"हाव," चाचा म्हणाले. "लई गोड हाय."

दोघांनी तो चहा संपवला. संध्याकाळी चाचा त्याला घेऊन लातूरला आले. खालच्या खोलीत तो चार वर्षं राहिला आणि तिथंच वारला. त्या चार वर्षांत दोघं भाऊ रोज बोलायचे, पण ज्यात दोघांचं एकमत आहे तेवढंच. पाऊस लांबला. वांगं मुरमाड जमिनीतलं चांगलं. अब्बांचा आवाज मोठा होता. चाची म्हणाली, "तवापासून सवय लागली ती लागलीच."

पुढं एकदा धीर करून मी चाचांनाच विचारलं, "मटणाचा विषय पुन्हा कधी काढलात?"

ते कोळशानं दात घासत होते. थुंकले, चूळ भरली. "न्हाई काढला," म्हणाले. मग इकडंतिकडं बघून हळूच, "पण बेटा, मटण कच्चंच होतं."

बारावीचं वर्ष लागलं आणि मी घसरायला लागले. आमच्या क्लासबाहेर दर सोमवारी आठवड्याच्या परीक्षेची यादी लागायची. माझं नाव पहिल्या पानावरून दुसऱ्यावर गेलं, दिवाळीनंतर तिसऱ्यावर. गणित ठीक होतं. जीवशास्त्राचं पुस्तक उघडलं की मला खोकला यायचा, खरोखरचा खोकला. पण मी डॉक्टर होणार हे आमच्या घरात इतकं पक्कं होतं, की आजी आत्तापासून गुडघे माझ्यासाठी राखून ठेवून होती. वडिलांना मी फोनवर मार्क वाढवून सांगू लागले. मग एक दिवस यादी बघायला जायचंच टाळलं. आणि त्यानंतर क्लासलाच जायचं टाळलं.

सकाळी सहाला सायकल काढायची, डबा घ्यायचा आणि सरळ स्टँडवर जायचं. तिथं कुणी काही विचारत नाही. नांदेडच्या फलाटासमोर एका बाकावर बसून मी मंगलच्या वहीतून उतरवून घेतलेली गणितं सोडवायचे. आठ दिवस असे गेले. मंगलला मी शपथ घातली होती.

नवव्या दिवशी माझ्या शेजारी कुणीतरी येऊन बसलं. बघते तर चाचा. स्टँडवरच्या जुन्या सोबत्यांपैकी कुणीतरी त्यांना कळवलं असणार. ते समोरच्या गाडीकडे बघत राहिले. मग नेहमीच्या सुरात म्हणाले, "स्टँडवर बसलेल्या माणसाला कुठंतरी जायचं असतं."

ते थांबले. मला हाव म्हणता येईना.

"मला कुठंच जायचं न्हाई, चाचा," मी म्हटलं आणि रडायला लागले. सगळं सांगितलं. याद्या, वडिलांना सांगितलेले खोटे मार्क, खोकला. चाचांनी काही समजावलं नाही. फक्त माझ्या मांडीवरची वही उचलली आणि पानं उलटून बघितली. आठ दिवसांत मी जवळजवळ अख्खी वही भरली होती.

"हे सगळं इथं बसून केलं?"

"हो."

"एवढ्या गोंधळात?"

मला तर गोंधळ ऐकूच आला नव्हता.

चाचांनी वडिलांना फोन करून बोलावून घेतलं. कारण सांगितलं नाही, रविवारी जेवायला या एवढंच म्हणाले. चाचीनं भरली वांगी केली होती. मी ताटं मांडत होते. आज काय होणार ते मला कळत नव्हतं आणि चाचा काही करतील यावर माझा विश्वासही नव्हता.

"भरल्या वांग्याचा देठ सगळ्यात चवीचा असतो, गुरुजी," चाचांनी सुरुवात केली.

"हाव," वडील म्हणाले.

"पण पाहुण्याच्या घरी चोखायची लाज वाटते."

वडील हसले आणि त्यांनी देठ उचलला. मग शाळेच्या गोष्टी निघाल्या. वर्गात पोरगं खिडकीबाहेर बघत असलं, की मास्तरही आधी एकदा बाहेर बघून घेतो आणि मग खडू मारतो, यावर दोघांचं एकमत झालं. वडील खुशीत आले. मला मात्र पुढचं दिसत होतं. असंच हाव हाव करत जेवण संपेल, वडील पानसुपारी खाऊन संध्याकाळच्या गाडीनं जातील आणि मी उद्या पुन्हा त्या बाकावर बसेन.

चाचांनी घास खाली ठेवला.

"गुरुजी, आता बोलतो ते तुम्हाला पटणार न्हाई."

चाची भाकरी थापता थापता थांबली. तिनं नवऱ्याकडे बघितलं.

"पोरगी डॉक्टर होणार न्हाई. तिला व्हायचंच न्हाई. भीतीनं सांगत न्हाई ती. आठ दिवस क्लासला न जाता स्टँडवर बसून राहिली. मार्क खोटे सांगितले तुम्हाला. पण बसून काय केलं? गणितं केली. अख्खी वही. ही पोरगी गणिताची हाय."

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. तेवढ्यावरून त्यांना सगळं कळलं. त्यांचा चेहरा आधी पडला आणि मग तापला, पण बोलले ते चाचांशी.

"साहेब, मी पोरीसाठी तुमची खोली भाड्यानं घेतली. बाप न्हाई घेतला भाड्यानं."

चाचा हे ऐकून पांढरे पडले. त्यांनी पाण्याचा पेला उचलला, तो सांडला.

"हाव," ते म्हणाले. "ते खरं हाय." आणि थोड्या वेळानं, "तरी पण, गुरुजी. डॉक्टर न्हाई होणार ती."

वडील अर्ध्या ताटावरून उठले.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला दुसऱ्या हॉस्टेलवर हलवलं. माझी ट्रंक खाली आणताना तिची एक कडी वडिलांच्या हातात होती आणि दुसरी चाचांनी धरली होती. जिना अरुंद होता, एकट्याला उतरवणं शक्य नव्हतं. दोघं एकमेकांकडे न बघता ती जड ट्रंक पायरी पायरीनं खाली आणत होते. ऑटोत बसल्यावर मी मागं वळून पाहिलं. चाची दारात उभी होती आणि तिनं चाचांचा दंड धरला होता, घट्ट.

मी सीईटी दिली. जीवशास्त्रात जे व्हायचं तेच झालं. वडील म्हणाले, एक वर्ष रिपीट कर, लातुरात अर्धी पोरं रिपीटर असतात. बिलोलीच्या घरी अंगणात आम्ही बसलो होतो. मला तोवर वाटायचं, न्हाई म्हणायला माणूस शूर असावा लागतो. पण मी भ्यालेला माणूस न्हाई म्हणताना बघितला होता. पेला सांडला होता त्याच्या हातून.

"न्हाई, बाबा," मी म्हटलं. "मी रिपीट करणार न्हाई. मला गणित घेऊन बीएस्सी करायचंय."

वडील महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी मात्र सकाळी कपडे करून तयार बसले होते. नांदेडला आलो, फॉर्मवर त्यांनी सही केली, आणि बाहेर आल्यावर रसवंतीवर दोन ग्लास सांगितले.

मी एमएस्सी झाले. नांदेडच्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायला लागले. पहिल्या पगारानंतरच्या रविवारी मी लातूरला जायचं ठरवलं. चाचांना पत्रं लिहायचे, मधे दोनदा जाऊनही आले होते, पण वडिलांना कधी सांगितलं नव्हतं. या वेळी सांगितलं. ते वर्तमानपत्र वाचत होते. "किती वाजता निघायचं?" असं त्यांनी विचारलं.

गल्ली ओळखू येईना. दोन्ही बाजूंना चार-चार मजल्यांची हॉस्टेलं, मधे चाचांचं पत्र्याचं घर. चाची आदल्या वर्षी गेली होती. चाचा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, पुष्कळ वाळलेले. मला बघून हात वर केला. माझ्यामागं वडील दिसले तेव्हा तो हात तसाच राहिला.

वडील बसले नाहीत. उभ्यानंच बोलायला सुरुवात केली, वाटेत पाठ केल्यासारखी.

"कंट्रोलर साहेब, त्या दिवशी तुम्ही बोललात ते मला पटलं नव्हतं. मी ताटावरून उठलो, ते चुकलं. अन्नावरून उठायला नको होतं." ते थांबले. मला वाटलं झालं. पण वडिलांनी घसा साफ केला. "पण खरं सांगू का, तुमचं म्हणणं मला अजूनही पटलेलं न्हाई. पोरगी खूश हाय, मला दिसतंय. पण एक वर्ष रिपीट केलं असतं, तर ती डॉक्टर झाली असती. हे माझं मत हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या लांब येऊन हे बोलायचं होतं? मी चाचांकडे बघितलं.

चाचा खुर्चीतून सावकाश उठले. घरात गेले आणि दुसरी खुर्ची ओढत बाहेर घेऊन आले. मी मदतीला गेले तर मला बाजूला सारलं. ती खुर्ची त्यांनी आपल्या खुर्चीसमोर मांडली, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल अशी.

"न्हाई झाली असती," ते म्हणाले. "बसा, सांगतो का न्हाई ते."

वडील बसले. मग जे सुरू झालं ते मी तीन वेळा चहा करून दिला तरी थांबलं नाही. डॉक्टरकीवरून गणितावर, गणितावरून क्लासवाल्यांवर, क्लासवरून निजामाच्या काळातल्या शाळांवर. चाचा मांडीवर थापा मारत होते, वडील बोट नाचवत होते. समोरच्या हॉस्टेलच्या खिडक्यांतून पोरं बघायला लागली. चाचांचा असा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. स्टँडवर आठ फलाटांपलीकडं पोहोचत असेल.

तीनची नांदेड गाडी गेली. साडेचारची निघायची वेळ झाली तेव्हा मी वडिलांना हाक मारली.

"तू हो पुढं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "मी उद्या येतो. ह्यांचं अजून निम्मंच झालंय, आणि तेही सगळं चूक हाय."